मोडी रोजनिशी : दिवस ४२६

तिसरी वही काल संपली. शंभर पानी, एकेरी रेघांची. मोडी म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी. तिच्यात आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला खाली लटकवत जायची, त्यामुळे छापील रेघांची वही म्हणजे अर्धं काम झालेलं. बोरूची हौस पहिल्या पंधरवड्यातच फिटली. तासायला दहा मिनिटं आणि शाई सांडायला एक. आता तिरप्या निबचं साधं पेन.

नव्यांसाठी सांगतो, हा माझा तिसरा प्रयत्न आहे. २०१९ च्या मे महिन्यात दहा दिवसांचा वर्ग केला, वर रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बैठक मारली. बाराखडी तोंडपाठ. गणपतीत एक पत्र हातात आलं, तर ‘श्रीमंत’च्या पुढे गाडी हलेना. २०२२ च्या दिवाळीत पुन्हा अंगात आलं. चार दिवसांत चाळीस पानं लिहिली, अंगठा सुजला आणि डिसेंबरात वही रद्दीत गेली. घरच्यांनी तिसऱ्या वेळी काही विचारलंच नाही.

या वेळी ठरवलं ते एवढंच : रोज वीस मिनिटं, आणि अगदीच जमलं नाही तर एक ओळ. ऑफिस घणसोलीला. वाशीची गाडी ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे दहा मिनिटं आधी गेलं की खिडकी मिळते. दिघा गाव स्टेशन झाल्यापासून प्रवासात एक थांबा वाढला, तोही माझ्या पथ्यावरच पडला. जाताना जुन्या पत्राची झेरॉक्स वाचायची, रात्री जेवणानंतर तेवढंच उतरवायचं. ४२६ पैकी ३१ दिवस कोरे आहेत. त्यातले नऊ तापाचे, सात गणपतीचे, बाकी निव्वळ आळस. पण सलग चार दिवस कधी कोरे जाऊ दिले नाहीत, गणपतीचे सोडून.

रोज का, तर अक्षरं ओळखणं हा मोडीतला सोपा भाग आहे. खरी अडचण पुढे. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी बहुतेक दीर्घच आणि उकार बहुतेक ऱ्हस्वच, ‘र’ तर शेजारच्याप्रमाणे रूप बदलतो. वाचायची असते ती लिहिणाऱ्याची ढब. एका कारकुनाचा हात ओळखीचा व्हायला मला पाच-सहा दिवस लागतात. मग एके सकाळी ऐरोली सोडताना ‘विनंति उपरी येथील कुशल’ सबंध एका दमात दिसतं, अक्षर अक्षर न जुळवता. आठवडाभर खंड पडला की तोच हात पुन्हा परका. रविवारी नऊ तास बसून ही ओळख झाली नव्हती. पाचव्या तासापासून डोळे नुसते कागदावर फिरत होते.

आकडेच हवे असतील तर : पहिल्या महिन्यात वीस मिनिटांत दोन ओळी. सहाव्यात पाच. सहावा ते नववा महिना पाचच, काही केल्या सहावी नाही. आता ओळखीच्या हाताच्या अकरा-बारा, अनोळखी हाताच्या चार.

आता फजिती. रोज केलेली चूकही तितकीच पक्की बसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पत्रातला सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी दफ्तरातली वर्षगणना, अरबी अंकशब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ६०० मिळवले की इसवी सन, असं मी पहिल्याच आठवड्यात वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं आणि तीन महिने इमानेइतबारे मिळवत राहिलो. मराठी ग्रंथ संग्रहालयात ओळख झालेले एक निवृत्त काका महिन्यातून एकदा माझी वही चाळतात. पानिपताच्या मोहिमेत भाऊसाहेबांनी कुंजपुऱ्याचं ठाणं जिंकल्याचा उल्लेख असलेलं पत्र, हिजरी महिना रबिलावल, खाली माझ्या अक्षरात ‘ऑक्टोबर १७६१’. काकांनी चष्मा काढला.

“अहो, भाऊसाहेब जानेवारीत पानिपतावर पडले. ऑक्टोबरात कुंजपुरा कोणी घेतला? तोतयाने?”

सुहूर सन जानेवारीत नाही, मृग नक्षत्र लागताना बदलतो. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे पानिपताची लढाई ६०० ने बरोबर १७६१ येते आणि तीन महिने आधीचा कुंजपुरा ५९९ ने १७६०. तीन महिन्यांच्या पानांतल्या सव्वीस तारखा लाल पेनने दुरुस्त केल्या. पण हात अजूनही आधी ६०० कडेच वळतो. ही सवय सुटायला बसली तेवढाच वेळ लागणार असं दिसतंय. तेव्हा रोजचा सराव करा, पण महिन्याला एकदा वही दुसऱ्याच्या हातात द्या. काकांना वही दाखवायची या धाकाने मी शेवटच्या आठवड्यात जरा जास्त लिहितो, हेही कबूल करतो.

चौथ्या वहीसाठी कागद ठरला आहे. आजीच्या ट्रंकेतलं खरेदीखत. इंग्रजी अमदानीतलं, टोकदार टाकाने घाईघाईत ओढलेलं, पेशवाईतल्या वळणदार हातापुढे अगदी कोंबडीचे पाय. याच कागदासाठी २०१९ मध्ये वर्गाला नाव घातलं होतं. परवापासून सहा ओळी लागल्या. काल चतुःसीमा आली : पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस आमचीच जमीन. पूर्वेस कोणाचं तरी शेत आहे. नाव ‘रा’ने सुरू होतं, पुढे घडीवर कागद झिजलाय. आज जाता-येता दोन्ही वेळा तेवढंच पाहिलं. ‘रामजी’ नाही, एवढं नक्की.