सांबराच्या पोटातली चकती

मेलेल्या जंगली जनावरासाठी फॉरेस्टचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोट फुगलंय की बसलंय? फुगलेलं असेल तर काहीतरी हाती लागतं. बसलेलं असेल तर बहुतेक वेळा कातडं, हाडं आणि 'मृत्यूचे कारण निश्चित सांगता येत नाही' एवढंच लिहून परत यायचं. नोव्हेंबर २०२४ मधल्या त्या फोनवर वनरक्षक म्हणाला, "फुगून ढोल झालाय, डॉक्टरसाहेब. नर आहे. शिंगं जागेवर आहेत."

शिंगं जागेवर म्हणजे मारणारा जनावरापर्यंत पोचलाच नव्हता.

मी सरकारी पशुवैद्य. रायगडच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्यात म्हशींच्या अडलेल्या विणी, शेळ्यांचं लसीकरण आणि कागद, असं माझं रोजचं काम. जंगली जनावराचं शवविच्छेदनही आमच्याच गळ्यात पडतं, कारण वनखात्याचा स्वतःचा पशुवैद्य असतो तो मोठ्या प्रकल्पात किंवा बचाव केंद्रात. जिथे सांबर पडलं होतं ते मालकीचं रान. खाली काजूची लागवड, वर साग-किंजळाची झाडी, मधून पऱ्या, म्हणजे ओढा. गावातली म्हातारी माणसं त्याला अजून शिकारीचं रान म्हणतात. या पट्ट्यात त्यात नवल नाही. जवळचं फणसाड अभयारण्यसुद्धा एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं जंगल होतं. शिकारीवर कायद्याने १९७२ साली बंधनं आली आणि १९९१ साली ती पूर्ण बंद झाली. रानाला ते कळलं असावं, माणसांना अर्धवट कळलंय.

मी पोचलो तेव्हा गुन्हेगारही ठरलेला होता. गर्दीतले दोघे-तिघे छातीठोकपणे सांगत होते की हे वरच्या कातकरवाडीचं काम, तिथल्या एकाकडे ठासणीची बंदूक आहे. वनपालांनीही वाडीत माणूस धाडला होता. पंचनाम्याची शाई वाळायच्या आधी वाडीत माणूस जातो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी सावकाश कापतो.

रवंथ करणारं जनावर डाव्या कुशीवर घ्यायचं, म्हणजे कोठीपोट, चारा साठतो तो पहिला मोठा कप्पा, खाली राहतं आणि बाकीचे अवयव वर येतात. दोनशे किलोच्या वरचा नर पऱ्याच्या उतारावर फिरवायला चार माणसं लागली. उजव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागे, एक मोठं भोक आणि त्याच्या कडेला दोन लहान. रक्त जवळपास नाही. पोटात लागलेलं जनावर रक्त सांडत नाही. चारा आणि चरबी आतूनच भोक बुजवतात, माग काढणाऱ्याला काही दिसत नाही, आणि जनावर पाण्याच्या दिशेने चालत जाऊन बसतं. हेही पाण्यापासून हातभरावर पडलं होतं.

आत पोटाच्या अस्तरावर पिवळट पापुद्रे होते, फायब्रिनचे, म्हणजे सूज आल्यावर साचणाऱ्या प्रथिनाचे, बोटाने ओढले की सुटणारे. ते घट्ट व्हायला आणखी दिवस लागतात. म्हणजे गोळी लागल्यावर हा नर साधारण एक दिवस, फार तर दीड दिवस जगला होता. भोकात अळ्या. चार-पाच उचलून भिंगाखाली मागच्या टोकाच्या श्वासरंध्रांतल्या चिरा मोजल्या. दुसऱ्या अवस्थेत दोन असतात, तिसऱ्या अवस्थेत तीन. इथे तीन होत्या, आणि अळ्या अजून मांस सोडून मातीकडे निघाल्या नव्हत्या. त्या हवेत मृत्यू होऊन दोन ते तीन दिवस. त्यातल्या काही गरम पाण्यातून काढून स्पिरिटमध्ये टाकल्या. पोरांना यात मजा वाटली आणि मोबाइल वर झाले.

छर्रे कोठीपोटाच्या भिंतीत मिळाले, एक बरगडीवर आपटून चपटा झालेला. चिमट्याच्या टोकांना रबरी नळी चढवल्याशिवाय मी छर्ऱ्याला हात लावत नाही. धातूचा ओरखडा उठला की प्रयोगशाळेत तो आपलाच ओरखडा वाचत बसतात. छर्ऱ्यांच्या मागे, चाऱ्यात रुतलेली, एक गोल चकती होती. भिजून फुगलेली, कडा यंत्राने कापल्यासारखी साफ. धुऊन मोजली, साडेअठरा मिलिमीटरच्या जरा वर. बारा बोरच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या नेहमीच्या बंदुकीच्या, नळीचा व्यास तेवढाच.

ठासणीच्या बंदुकीत दारूवर काथ्या ठासतात, चिंध्या ठासतात. अशी चकती कारखान्यातल्या काडतुसात, दारू आणि छर्रे यांच्या मधे असते. ती छर्ऱ्यांबरोबर अंगात शिरायची तर बार अगदी जवळून, चार-सहा पावलांवरून निघायला हवा. रात्री राखणीच्या माळ्याखाली आलेल्या जनावरावर निघतो तसा. ठासणीच्या बंदुकीत कुणी विकतची चकती घातलीच नसेल असं मी शपथेवर सांगणार नाही. पण वाडीतल्या माणसाला पहिल्यांदा उचलण्याइतका पुरावा आता उरला नव्हता, आणि ते मी वनपालांना सगळ्यांदेखत सांगितलं. माणूस परत आला, रिकामा. शिव्या मला बसल्या असतील.

मग विल्हेवाट. मेलेलं असलं तरी ते सरकारचं, त्यामुळे 'ताजं असतं तर' म्हणणाऱ्या काकांनी पुढचं वाक्य गिळलं. वनरक्षक हुशार पोरगा, म्हणाला, "इथेच सोडलं तर? चिरगावची गिधाडं येतील." त्याचं चूक नव्हतं. २००६ साली जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर, म्हणजे गिधाडांना मारणाऱ्या वेदनाशामकावर, बंदी आली तेव्हापासून आम्ही पशुवैद्य हेच सांगत फिरतो की गिधाडांना औषधमुक्त मढं हवं, आणि जंगली मढ्याइतकं औषधमुक्त दुसरं काय असणार? म्हसळ्याकडे चिरगावला पांढऱ्या पाठीची गिधाडं जगवण्यासाठी लोकांनी जीव टाकलाय. पण याच्या अंगात शिसं होतं. सापडलेले छर्रे आम्ही काढले. फुटून मांसात विखुरलेलं शिसं काढता येत नाही, आणि शिसं खाल्लेलं गिधाड मरतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने काँडोर या तिथल्या गिधाडापायी शिशाच्या गोळ्यांवरच शिकारीत बंदी घातली, २०१९ पासून संपूर्ण. आपल्याकडे शिकारच बंद, म्हणून शिशाचा विचार कुणी करत नाही.

पुरायचं म्हटलं तर खाली जांभा. पहारीने ठिणग्या उडाल्या. राहिलं जाळणं. सांबर जाळणं सोपं आहे असं वाटणाऱ्याने एकदा करून पाहावं. कोठीपोटात बादल्याच्या बादल्या ओला चारा असतो. तो आत ठेवला तर डिझेल संपतं, लाकूड संपतं आणि मध्ये उकडलेला गोळा राहतो. आधी तो काढून पसरायचा, छर्ऱ्यांसाठी पुन्हा चाळायचा, मग धड दोन भागांत करून आडव्या ओंडक्यांवर, खालून हवा खेळेल असं. शिंगं पंचांसमोर मोजून त्यातच टाकली. एका पंचाचा जीव त्या शिंगांवर अडकला होता, शेवटपर्यंत तो त्यांच्याकडेच बघत होता.

आता खरी गोष्ट. मृत्यूला दोन-तीन दिवस, त्याआधी जखमी अवस्थेत एक-दीड. बार महिन्याच्या आठ तारखेच्या आसपास निघाला. तेव्हा विधानसभेची आचारसंहिता चालू होती, १५ ऑक्टोबरपासून. त्या काळात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, शेती संरक्षणाच्यासुद्धा. सगळ्यांच्या नाही, छाननी समिती ठरवते, काहींना सूट मिळते. म्हणजे त्या रात्री आसपासच्या चार गावांत बारा बोरच्या किती बंदुका घरी होत्या, हे एका रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं. यादी मोठी असणार नाही.

हे मी वरच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही मृत्यूचं कारण लिहा."

छर्ऱ्यावरून बंदूक ओळखता येत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. गुळगुळीत नळी छर्ऱ्यावर खूण सोडत नाही. खूण असते ती रिकाम्या काडतुसाच्या बुडाला, घोड्याच्या टोचणीची. ते काडतूस शोधायला त्या आठवड्यात माळ्याखालचं गवत कुणी धुंडाळलं नाही. शवविच्छेदनाच्या छापील फॉर्मवर 'जखम ते मृत्यू' असा रकानाच नाही. मी शेऱ्यात लिहिलं, जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडला, त्यावर तारीख, पंचांच्या सह्या आणि अळ्यांच्या बाटलीचा क्रमांक.

निवडणूक झाली, बंदुका ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. प्रयोगशाळेच्या अहवालात चकती कारखान्यातली असल्याचं आलं, विष नाही असंही आलं. गुन्हा 'अज्ञात इसम' या नावाने नोंद आहे. त्यानंतर मी दोनदा विचारलं की माझा जोडकागद फाइलमध्ये आहे का. दुसऱ्यांदा कारकुनाने फाइल काढून दाखवली. होता. त्यावर कुणाचीही खूण नव्हती, मात्र गुन्ह्याच्या तपशिलात संशयित म्हणून वाडीचं नाव पेन्सिलने अजून लिहिलेलं होतं. मी त्याला ते खोडायला सांगितलं. तो म्हणाला, खोडायचं तर साहेबांची सही लागेल.