आधी मूग, मग ग म भ न

आमच्या घरात बोलणं कोकणीतून, लिहिणं-वाचणं मराठीतून आणि मुलाची शाळा इंग्रजी. गोव्यात हे काही नवीन नाही, डिचोलीत तर आमच्या वाड्यावर चार घरं सोडून पाचव्या घरी हेच. पण त्यामुळे झालं काय की बाबूला मराठी अक्षरं शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली आणि मी पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

गेल्या वर्षी जूनमध्ये तो साडेचार वर्षांचा. शाळेतून रोज दोन-दोन पानं एबीसी लिहून आणायला सांगायचे (साडेचार वर्षांच्या पोराला! असो), त्यावर मी दुकानातून दुरेघी वही आणली आणि अ आ इ ई सुरू केलं. आता सांगते, अ हे अक्षर पहिलं आहे म्हणून ते सोपं आहे असं आपल्याला उगाच वाटतं. तुम्ही एकदा स्वतः सावकाश काढून बघा, एकावर एक दोन पोटं, मधून आडवी दांडी, मग उभा काना, वर रेघ. पोराने पेन्सिल अशी मुठीत धरलेली जशी आपण नारळ सोलायची सुळी धरतो, आणि दाबून दाबून लिहितोय, त्यात पावसाचे दिवस, कागद सादळलेला, तिसऱ्या ओळीत वही फाटली. "आई, हात दुखता गे." मी म्हटलं नाटकं करतोय. नाटकं नव्हती.

सासूबाई तेव्हा सोप्यावर बसून मोड आलेले मूग सोलत होत्या. आमच्याकडे मुगागाठी (मोडाच्या मुगाची भाजी) म्हणजे प्रत्येक मुगाचं साल काढलंच पाहिजे, एकेक दाणा, अंगठा आणि पहिलं बोट, पाण्यात बुडवायचं, चिमटीत धरून हलकंच दाबलं की दाणा सालातून सटकतो. जोरात दाबलं तर दोन फाका होतात, हळू दाबलं तर साल हलत नाही. त्या म्हणाल्या वही ठेव बाजूला, त्याला इथे बसव. मला राग आला खरं तर. पण बसवला. पहिल्या दिवशी त्याने वीसेक दाणे सोलले असतील, त्यातले निम्मे खाल्ले. श्रावण संपेपर्यंत वाटीभर सोलायला लागला, आणि मग एक दिवस पाटीवर रेघोट्या मारताना बघते तर पेन्सिल मुठीत नाही, त्याच चिमटीत, खालून तिसऱ्या बोटाचा आधार! मी काहीच शिकवलं नव्हतं.

मग मी जरा वाचलं. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चाच असते, हाड व्हायला बालपणातली कितीतरी वर्षं जातात. मूल साधारण तीन वर्षांचं झालं की बघून गोल काढतं, चाराला अधिकचं चिन्ह, त्रिकोण पाचाच्या आसपास. म्हणजे ज्याला अजून त्रिकोण नीट जमत नाही त्याला मी अ काढायला लावत होते. पेन्सिल तीन बोटांत धरणंही चार ते सहा वर्षांच्या मधे हळूहळू बसतं, काहींना उशिरा. आणि एक सोपी ट्रिक, लांब पेन्सिल देऊच नका, खडू किंवा क्रेयॉन तोडून बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. तेवढ्याशा तुकड्यावर मूठ बसतच नाही.

पाऊस ओसरल्यावर आम्ही वही सोडून भिंतीवर गेलो. आमचं कंपाउंड चिऱ्याचं, प्लास्टर नाही. जुना रंगाचा ब्रश आणि तांब्याभर पाणी. लाल चिऱ्यावर ओलं अक्षर काळपट उमटतं आणि वाळून जायच्या आत दुसरं काढायचं, खोडरबराची भानगडच नाही. उभ्या भिंतीवर लिहिताना मनगट आपोआप मागे वळतं, कागदावर लिहायला तेच लागतं. शेजारच्या काकी विचारत होत्या भिंत धुताय काय रोज.

अक्षरांचा क्रम मात्र मी बदलला. बालवाडीवाल्या बाई जुन्या काळापासून ग म भ न म्हणतात त्याला कारण आहे, ही एका वळणाची अक्षरं. तसेच व ब क, प ष फ, ट ठ ढ. एक वळण हातात बसलं की तीन-चार अक्षरं फुकट. व आला की पोटात तिरकी रेघ मारली ब झाला, उजवीकडे शेपूट काढलं क झाला. अ आमच्याकडे चार महिन्यांनी आला आणि अर्ध्या तासात आला.

तरी एक गोंधळ राहिलाच. शाळेत तो इंग्रजी चाररेघीत लिहितो, तिथे अक्षरं खालच्या रेघेवर उभी. आपली वरच्या रेघेला लोंबतात. त्याने कितीतरी दिवस म आणि ग जमिनीवर उभे केले आणि वरची रेघ टोपीसारखी कुठेतरी हवेत. शेवटी परसातली कपड्यांची दोरी दाखवली, हे बघ, एबीसी फरशीवर उभे राहतात, आपले दोरीवर वाळत घालायचे. चिमट्याला लावलेला बाबांचा शर्ट म्हणजे म. तेवढं पुरलं. फक्त भ आणि ध ला दोरी मधेच तुटलेली का, याचं उत्तर मला देता आलं नाही, तुटली नाही तर म आणि घ होतील एवढंच सांगितलं.

दुसरा घोळ ल चा. त्याने माझ्या फोनवर बघून लाडू लिहिलं आणि मामंजी चष्मा सारून म्हणाले हा ल कुठला? फोनवरचा ल हिंदी वळणाचा, आपला दोन पाकळ्यांचा. कॉम्प्युटरला दोन्ही एकच अक्षर, फॉन्टवर अवलंबून काय दिसतं ते. तसंच श चं. महाराष्ट्र सरकारने 2009 मध्ये निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श असाच लिहायचा म्हटलंय, पण फोनला कोण सांगणार. तुमच्या स्क्रीनवर आत्ता हा ल कसा दिसतोय बघा. तेव्हापासून कित्ता मी हाताने काढून देते.

आणि ते डाउनलोड करून ठिपके जोडायचे कागद मला अजिबात आवडत नाहीत. पोरगं ठिपके जोडतं, पण कुठून सुरू करून, ते कोण बघतं? बाबू ग चा काना खालून वर न्यायचा, दिसायला अक्षर एकदम छान! शेजारी बसून हात बघितला म्हणून कळलं. वळण चुकीचं बसलं की पुढे भरभर लिहिताना अडखळतं, ते सुटायला फार त्रास होतो. रोज दहा मिनिटं शेजारी बसते, त्याहून जास्त नाही, माझाही पेशन्स तेवढाच.

यंदा गणेश चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट) बांधताना मामंजींनी त्याला काम दिलं, प्रत्येक फळाच्या नावाची चिठ्ठी. तोरिंग, आंबाडे, निरफणस, कांगलां. निरफणस मधला स कागदावर मावला नाही तो खाली लिहिला. मामंजींनी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, "बरें जालां" म्हणाले, आणि एक चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. कांगलां. त्यातल्या ल ला तीन पाकळ्या होत्या.