आईचं माप

आज आईला घेऊन बांबोळीच्या हॉस्पिटलात. तिच्या हृदयातली, महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप बदलायचीय. फोंड्याहून निघताना म्हणाली, "मोठीच बसवा म्हणावं, परत कटकट नको." जणू म्हापशाच्या बाजारात चपलाच घ्यायच्यात!

डॉक्टरांनी आधी उंची-वजन घेतलं. झडपा 19, 21, 23 मिलिमीटर अशा येतात; नेमकी कुठली, ते ऑपरेशनमध्येच, दांड्याला लावलेली गोल मापं आत बसवून ठरतं. झडपेची वाट शरीराच्या मानाने लहान पडली (उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण 0.85 चौरस सेंटिमीटर तरी हवी), तर नव्या झडपेतूनही हृदयाला जोर लावावा लागतो. जागाच अरुंद असेल तर ठिगळ लावून ती रुंदावतात. शिवणकामच की!

आई सगळं ऐकून परतताना हळूच म्हणाली, "वजन चपला घालूनच केलं रे. सांगून येतोस?"