चतुर्दशीला नेरूळ, चतुर्थीला शिवडी

ठाणे खाडीतल्या रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो काढायचे असतील तर आधी लेन्स नको, घरातलं कॅलेंडर बघा. खाडीतला पक्षी घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो. ओहोटीला चिखल किलोमीटरभर उघडा पडतो आणि रोहित क्षितिजावरची गुलाबी रेघ होऊन जातात. ६०० मिमीची लेन्ससुद्धा तिथे काही करू शकत नाही.

भरतीची वेळ काढायला कोळीवाड्यातला जुना हिशोब पुरतो: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. चतुर्थीला ४ × ३ ÷ ४ = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच नियम. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५ धरायच्या. उत्तर अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, त्यामुळे निघण्याआधी मुंबईचा भरती-ओहोटीचा तक्ता बघाच. शिवाय तक्त्यातली वेळ बंदराची असते. पाणी खाडीत वर चढत ऐरोली-भांडुपपर्यंत पोहोचायला आणखी वेळ घेतं.

आता उजेड. खाडी साधारण उत्तर-दक्षिण आहे. ऐरोली आणि नेरूळ पूर्व काठावर, तिथे सकाळी सूर्य पाठीशी असतो. शिवडी आणि भांडुप पश्चिम काठावर, तिथे दुपारनंतर. शिवडीला सकाळी सातला पोहोचलात तर पक्षी जवळ असूनही काळ्या सावल्याच मिळतील.

तिथी आणि काठ जुळवला की निम्मं काम झालं. त्रयोदशी-चतुर्दशीला भरती पावणेदहा-साडेदहाची, आणि उधाण जवळ आल्यामुळे पाणी चांगलं चढतं. चिखल बुडाला की रोहितांना उभं राहायला जागा उरत नाही आणि थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर विसाव्याला येतात. आठच्या आत जागेवर बसा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत, पाणी कमी चढतं, चिखल पुरता बुडत नाही आणि तळी रिकामी राहू शकतात. तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाट बुजली तर मात्र कुठलीच तिथी कामाची नाही. ती वाट मोकळी राहणं हे फोटोपेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

शिवडीसाठी तृतीया-चतुर्थी उत्तम. एक वाजता या. चढतं पाणी पक्ष्यांना काठाकडे ढकलत आणतं. भरती उलटली की काठालगतचा चिखल आधी उघडतो, म्हणून पहिला तासभर शेकाट्या, मालगुजा, टिलवे असे चिखलातले पक्षी अगदी पुढ्यात चरतात. मग पाण्यामागोमाग ते लांब जातात. त्या तासात डबा उघडून बसू नका.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, तिच्याही वेळा भरतीवर ठरतात. बोटीत ट्रायपॉड निरुपयोगी, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. हातात धरा, शटर १/२००० च्या खाली आणू नका.

काठावरून चरणाऱ्या पक्ष्याला १/१००० पुरतं, उडत्या थव्याला १/२५०० ते १/३२००. अ‍ॅपर्चर एफ ६.३ ते ८, आयएसओ ऑटोवर, वरची मर्यादा ३२००. खरी चूक होते ती एक्स्पोजरमध्ये. काळ्या चिखलावर फिकट रोहित असेल तर कॅमेरा चिखल उजळायला जातो आणि पिसं पांढरीफटक होतात. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ ते उणे १ ठेवा. पाठीमागे चकाकतं पाणी असेल तर उलटं होतं, पक्षी काळवंडतो. तिथे अधिक ०.७. पांढरीफटक झालेली पिसं दाखवणारी हायलाइटची सूचना चालू ठेवा आणि फोटो रॉ फॉरमॅटमध्येच काढा. गुलाबी रंग एकदा गेला की परत आणता येत नाही.

दहानंतर फोटो धूसर यायला लागले तर लेन्सला दोष देऊ नका. तापलेल्या चिखलावरची हवा हलते, त्यामुळे लांबच्या पक्ष्याचा डोळा कधीच टोकदार येत नाही. जवळचा पक्षी असेल तर काढा, नाहीतर दुर्बीण घेऊन नुसतं बघत बसा.

बघण्यासारखं भरपूर आहे. लहान रोहिताची चोच गडद, काळपट लाल. मोठ्या रोहिताची गुलाबी, फक्त टोक काळं, आणि तो उंचीने चांगलाच वरचढ. करडी-तपकिरी दिसतात ती पिल्लं. टिलवे-मालगुजांच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर बाजूने, पाय पाण्याबाहेर असताना फोटो घ्या. रंगांचा क्रम आणि वरची अक्षरं वाचता आली तर पक्ष्याला कुठे पट्टी घातली ते कळतं. असा फोटो तारीख आणि जागेसह बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे) पाठवा.

बांधावरून खाली चिखलात उतरू नका. तो कमरेपर्यंत खेचतो आणि भरती थांबत नाही. बांधावरच खाली बसा, लेन्स जितकी पाण्याच्या पातळीला तितका फोटो चांगला. पक्ष्यांनी चरणं सोडून माना वर केल्या आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले, की तुम्ही फार जवळ आला आहात. तिथेच थांबा, बसा, माना खाली जाईपर्यंत हलू नका. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणं किंवा दगड टाकणं याला माफी नाही. भरतीच्या त्या दोन-तीन तासांतच त्यांना विसावा मिळतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये टिलव्यासारख्या मूठभर पक्ष्याला उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रापर्यंत जायचं असतं. साठवलेली चरबी उगाच उडण्यात गेली तर ती भरून काढायला पुढच्या ओहोटीची वाट बघावी लागते. थवा स्वतःहून उडतोच: घार डोक्यावरून गेली की, किंवा पाणी उतरू लागलं की. तळ्यावर असाल तर भरतीनंतर तास-दीड तास कॅमेरा खाली ठेवू नका. आधी दोन-चार रोहित पंख झटकतात, मग कलकलाट वाढतो, आणि सगळे खाडीकडे तोंड करून पाण्यावरून धावायला लागतात.