मावशींच्या बोटात सुई गेली तेव्हा

2021 च्या फेब्रुवारीत आमच्या दवाखान्याच्या नोटीस बोर्डावर मी स्वतःच्या हाताने एक कागद लावला. ‘सर्व कर्मचाऱ्यांनी कोविडची लस घेणे बंधनकारक आहे. लस न घेणाऱ्यास कामावर येता येणार नाही व त्या दिवसांचा पगार मिळणार नाही.’ खाली डॉक्टरसाहेबांची सही आणि शिक्का. मजकूर मीच लिहून दिला होता. इन्चार्ज सिस्टर म्हणून ते माझंच काम.

दवाखान्यात काम करणाऱ्यांना मालकाने लशीची सक्ती करावी का, असं आज कोणी विचारलं तर मी हो म्हणते. पण तो कागद मी आज लावणार नाही. त्याचं कारण आमच्या दवाखान्यातल्या सफाईच्या मावशी आहेत. त्यांना विचारूनच हे लिहितेय. फक्त नाव नको म्हणाल्या.

आमचा दवाखाना यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. खाजगी, वीस खाटांचा. बाळंतपणं, सिझर, साप-विंचू चावलेले, पावसाळ्यात तापाचे पेशंट आणि फवारणीच्या दिवसांत विषबाधा झालेले शेतकरी. डॉक्टरांपासून चौकीदारापर्यंत आम्ही तेवीस जण. त्यातले सफाईचे चौघे ठेकेदाराचे.

16 जानेवारी 2021 ला देशात लसीकरण सुरू झालं आणि पहिला नंबर आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांचाच होता. आमची यादी वर गेली. मी पहिला डोस घेतला त्या रात्री कणकण आली, अंग ठणकलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी ठीक झाले. पण वातावरण चांगलं नव्हतं. 31 जानेवारीला आमच्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा लेकरांच्या तोंडात सॅनिटायझर गेलं होतं. लेकरं बरी झाली, पण ती बातमी घराघरांत पोचली. त्यात अमरावतीला रुग्ण भराभर वाढले, 22 फेब्रुवारीपासून तिथे पुन्हा लॉकडाऊन लागला. इकडे आम्ही घाबरलो. त्या घाबरण्यातून तो कागद निघाला.

कागद लागल्यावर दोन गोष्टी झाल्या. आमची एक सिस्टर पाच महिन्यांची गरोदर होती. ती बोर्डासमोर उभी राहून रडायला लागली. गरोदर बाईला लस द्यायची परवानगीच तेव्हा नव्हती, ती जुलै 2021 मध्ये आली. म्हणजे जे घ्यायची तिला सोयच नव्हती, ते न घेतल्याबद्दल आम्ही तिचा पगार कापणार होतो. ‘सर्व कर्मचाऱ्यांनी’ हा शब्द लिहिताना ती माझ्या डोळ्यासमोर आलीच नाही, आणि रोज ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे मावशी कामावर यायच्या बंद झाल्या.

मावशी पन्नाशीच्या. नऊ किलोमीटरवरच्या गावाहून काळी-पिवळीने सकाळी सातला यायच्या. लेबर रूम, ऑपरेशन थिएटर, वॉर्ड, संडास, सगळं त्यांच्याकडे. अकरा दिवस आल्या नाहीत, तेव्हा मी रविवारी त्यांच्या घरी गेले. जाताना मनात ठरवून गेले होते की अफवा कशा खोट्या आहेत ते समजावून सांगायचं. अंगणात तुरीच्या काड्यांचा ढीग होता, त्या सूप घेऊन तूर पाखडत बसल्या होत्या. मला बाज टाकून दिली, पाणी दिलं. मी बोलायला सुरुवात केली, तसं त्यांनी सूप खाली ठेवलं.

“बाई, लशीले मी भेत नाई. नातवाईले टोचाले मीच घेऊन जातो. पन माह्या बोटात सुई घुसली होती, तवा कोनं म्हनलं होतं, मावशी लस घ्या? तवा म्या मांगतली, त तुमी म्हनल्या ठेकेदाराले इचारा. आता तुमाले भेव वाटू रायला, त मले सक्ती.”

मी काहीच बोलले नाही. कारण मला आठवलं.

2017 चा सप्टेंबर होता. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती आणि फवारणी करताना विष अंगात जाऊन आमच्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी, शेतमजूर गेले. आमच्याकडेही रोज कोणी ना कोणी यायचा. तोंडातून फेस, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. यवतमाळला पाठवायच्या आधी अॅट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचं औषध, सुरू करायचं, दर काही मिनिटांनी परत द्यायचं. त्या गडबडीत सिरिंज कुठे पडतेय, सुई कुठे जातेय, कोणी पाहत नव्हतं. सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात जायला हव्यात. डबा भरलेला होता, म्हणून कोणीतरी त्या कचऱ्याच्या साध्या काळ्या पन्नीत टाकल्या. मावशींनी पन्नीला गाठ मारताना ती खाली दाबली आणि सुई उजव्या अंगठ्याच्या पेरात गेली. पातळ रबरी हातमोजा होता. सुईला काय अडवणार तो?

त्यांनी हातमोजा काढला, तेव्हा आतून तो रक्ताने ओला झाला होता. मी अंगठा साबणाने धुवायला लावला, बेटाडीन लावलं, पट्टी बांधली, टीटीचं इंजेक्शन दिलं. सुई कोणत्या पेशंटची होती, ते कळायला मार्ग नव्हता. खरं तर त्याच दिवशी त्यांचं रक्त तपासायला हवं होतं, कावीळ ब (हिपॅटायटिस बी) ची लस सुरू करायला हवी होती, आणि शक्यतो 24 तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, द्यायला हवं होतं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली असती, तर ती 72 तासांच्या आत. हे मला माहीत होतं, नर्सिंगला शिकवलं होतं. मावशींनी तीन दिवसांनी विचारलं, “तुमी सिस्टर लोकं घेता ते काविळीचं इंजेक्शन मले भेटन का?” मी रजिस्टर पाहिलं. त्यात आम्हा स्टाफची नावं होती, ठेकेदाराच्या माणसांची नव्हती. मी म्हटलं, ठेकेदाराला विचारा.

ठेकेदाराने काय उत्तर दिलं असेल, ते मी कधी विचारलंही नाही.

ज्यांचा दवाखान्याशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. एचआयव्ही म्हटलं की आमच्या लोकांचे हात थरथरतात. पण एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली, तर तो आजार होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. कावीळ ब असलेल्या पेशंटची सुई, आणि टोचून घेणाऱ्याने लस घेतलेली नसेल, तर ती शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत जाते. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे काल फेकलेली, कोरडी दिसणारी सुईही धोक्याचीच. आजार अंगात मुरला, तर पुढे लिव्हर खराब होतं, कॅन्सरपर्यंत जातं. आणि यावर लस आहे. तीन डोस, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी, दंडात. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात टायटर, म्हणजे अँटीबॉडीचं प्रमाण, तपासायचं, 10 च्या वर आलं की निर्धास्त.

मावशींच्या घरून परत आल्यावर मी कपाटातून जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम काढले. इन्स्पेक्शनच्या वेळी दाखवायला ती फाईल असते, एरवी तिच्यावर धूळ असते. त्यात स्पष्ट लिहिलंय की दवाखाना ज्याच्या ताब्यात आहे, त्याने आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि हा कचरा हाताळणाऱ्या इतर सर्वांना कावीळ ब आणि धनुर्वाताच्या लशी द्यायच्या. कामावर घेताना आणि वर्षातून एकदा तपासणी करायची, नोंद ठेवायची. ‘इतर सर्वांना.’ तिथे ठेकेदार, कायम, रोजंदारी असा काही फरक नाही. म्हणजे सक्ती होतीच, 2016 पासून होती. मावशींवर नव्हती, आमच्यावर होती.

मला जे म्हणायचंय ते हेच आहे. लशीच्या सक्तीची चर्चा निघाली की सगळे कामगाराकडे बोट दाखवतात, तो घेत नाही, तो अडाणी आहे, त्याला काढा. सक्ती आधी मालकावर चालायला हवी. लस फुकट दिली का? झाडूवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना दिली का? ताप आला तर दोन दिवसांचा रोज दिला का? मावशींनी त्या दिवशी हेही सांगितलं होतं की ताप आला तर ठेकेदार दोन रोजांचे पैसे कापतो. आम्हा नर्सेसना आजारपणाची रजा होती, म्हणून आमची कणकण आम्हाला परवडली.

एवढं सगळं केल्यावर मात्र मी माघार घेणार नाही. लेबर रूममध्ये, ऑपरेशनमध्ये, लॅबमध्ये, कचऱ्यावर काम करायचं असेल, तर कावीळ ब ची लस घ्यावीच लागेल. कोणी म्हणेल, माझं शरीर, माझी मर्जी. 2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या लशीबद्दल तेच म्हटलं. न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांचा तो निकाल. गवई साहेब आमच्या अमरावतीचे, म्हणून मी बातमी दोनदा वाचली. कोणाला जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये शरीरावरचा अधिकार येतो, असं त्यात आहे. पण सर्वांच्या आरोग्यासाठी वाजवी बंधनं घालता येतात, हेही आहे. आणि लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरवतो असा पुरावा सरकारांनी पुढे ठेवला नाही, म्हणून तेव्हाची बंधनं योग्य मानली नाहीत.

मला हे पटलं. लसवार विचार करावा लागतो. कोविडची लस घेऊनही आमच्यातल्या सहा जणांना पुढे कोविड झाला, हलका झाला, पण झाला. म्हणजे ती लस घेणाऱ्याला सांभाळते, पेशंटपर्यंत आजार जाणं ती पूर्ण थांबवत नाही. तिच्यासाठी कोणाचा पगार कापणं मला आज चूक वाटतं. गोवर-रुबेलाचं तसं नाही. गरोदर बाईला रुबेला झाला, तर पोटातल्या बाळाचं हृदय, डोळे, कान जाऊ शकतात. ज्या सिस्टरला तो आजारही झालेला नाही आणि लसही घ्यायची नाही, तिने लेबर रूममध्ये काम करू नये. तिला नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाही, केस पेपरच्या काउंटरवर बसवा. वीस खाटांच्या दवाखान्यात अशा जागा फार नसतात, हे मला माहीत आहे. आमच्याकडे दोनच आहेत.

पुढे काय केलं ते सांगते. मी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं, 2017 मध्ये मी काय उत्तर दिलं होतं तेही. ते बराच वेळ गप्प बसले. मग बोर्डावरचा कागद त्यांनीच काढला. दहा डोसांच्या तीन बाटल्या मागवल्या, तेवीस जणांपैकी ज्यांचे डोस झालेले नव्हते किंवा नोंद नव्हती त्यांच्यासाठी. ही लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची, गोठली तर वाया जाते. म्हणून बाटल्या फ्रीजच्या बर्फाच्या खणापासून लांब ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायला लागलो. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि लाईन जाते, तेव्हा ती वही माझ्या उशाशीच असल्यासारखी होती. डोसच्या दुसऱ्या दिवशी कोणाला ताप आला, तर भर पगारी सुट्टी, ठेकेदाराच्या माणसालाही, ते पैसे दवाखाना देईल, असं ठरलं.

मावशी परत आल्या. लस टोचायच्या आधी मी त्यांचं रक्त घेतलं. कावीळ ब च्या तपासणीची ती छोटी पांढरी पट्टी असते. वर कंट्रोलची लाल रेघ उमटते, खाली दुसरी उमटते का ते पाहायचं. साडेतीन वर्षं उलटली होती. मी घड्याळ लावून पंधरा मिनिटं त्या पट्टीकडे पाहत बसले, मावशी समोरच्या स्टुलावर, पदर हातात. एकच रेघ राहिली. मी म्हटलं, मावशी, काही नाही निघालं. त्या म्हणाल्या, “मले वाटलंच होतं,” आणि बाही वर केली.

कोविडची लसही त्यांनी एप्रिलमध्ये घेतली. कोणी सांगितलं नव्हतं.

आता या वर्षी सफाईच्या ठेक्याचा नवा करार आहे. त्यात मी एक ओळ घातली आहे: ‘कामावर येणाऱ्या प्रत्येक माणसाचा कावीळ ब चा पहिला डोस पहिल्या दिवशी दवाखान्यात, दवाखान्याच्या खर्चाने होईल, व तापाच्या दिवसांचा रोज कापला जाणार नाही.’ ठेकेदार म्हणतो, बाई, बाकी सगळं मान्य, फक्त ते रोज न कापायचं काढा. मी काढलेलं नाही. सोमवारी त्याला परत बोलावलं आहे.