पोरं जमायला नकोत म्हणून
आज लंचला बँकॉकच्या आमच्या ऑफिसमधल्या, म्यानमारमधल्या यांगूनच्या एका ताईंशी बोलणं झालं, आणि ते डोक्यातून जातच नाहीये. डिसेंबर १९९६ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले म्हणून लष्कराने युनिव्हर्सिट्या बंद केल्या त्या थेट २००० मध्ये उघडल्या, ह्यांची ऐन शिकायची वर्षं त्यातच गेली. उघडल्या तेव्हा पदवीचे वर्ग शहराबाहेर लांब हलवलेले, का तर पोरं एकत्र जमायला नकोत! १९६२ मध्ये तर लष्करशहा ने विनच्या सैन्याने रंगून (म्हणजे आताचं यांगून) विद्यापीठातली स्टुडंट्स युनियनची बिल्डिंगच डायनामाइटने उडवली होती. १९८८ चं ने विनच्या राजवटीविरुद्धचं आंदोलनही इंजिनिअरिंगच्या पोरांपासून पेटलं, मार्चमध्ये फोन मॉ नावाचा विद्यार्थी गोळीला बळी पडला आणि ऑगस्टपर्यंत अख्खा देश रस्त्यावर.

२०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावल्यानंतर हजारो शिक्षकांनी लष्कराच्या हाताखाली शिकवायला नकार दिला, नोकऱ्या गेल्या, तरी काहीजण लपूनछपून ऑनलाइन शिकवतायत, मला ह्या लोकांबद्दल फार फार आदर वाटतो. त्यात २०२४ पासून सक्तीची सैन्यभरती, म्हणून कितीतरी तरुण मुलं इकडे थायलंडला येतायत. ताई रविवारी अशा मुलांना शिकवतात, मॅथ्सला माणूस हवाय. मी जाणार आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी कोणाला जमत असेल तर इनबॉक्स करा.