कामठी रोडवरचा फोड

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातले शुक्रवार आता एकमेकांत मिसळून गेलेत. कामठीहून दहा-बारा जणांनी निघायचं, रोझरीची माळ म्हणत नागपुरातल्या सदरचं कॅथेड्रल गाठायचं, तिथून वर सेमिनरी हिल्स. ऑटोमोटिव्ह चौक कुठल्या शुक्रवारी कसा मागे पडला, काही आठवत नाही. आठवते ती मार्चअखेरची एक दुपार आणि डाव्या टाचेवरचा फोड.

माळेतलं चौथं रहस्य चालू होतं, येशूने क्रूस खांद्यावर घेतल्याचं. पुढे मावशी. त्यांनी उचललेलं गीत नेहमी दोन पट्ट्या वर असतं, मग बाकीचे किंचाळतात. दोन गीतांच्या मध्ये कुणाच्या सुनेचं काय चाललंय तेही सांगून होतं. मागे वळून त्यांनी विचारलं, "जमतंय ना गं?"

"हो मावशी, तुम्ही व्हा पुढे. छान म्हणताय."

मनात जे म्हणाले, ते पापांची कबुली देतानाही थोडं गाळूनच सांगितलं.

घरीदारी माझी ख्याती 'गोड बोलणारी' अशीच आहे. कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांचीही तीच होती. जिनिव्हाचे बिशप, मुळात तापट, वाणी मात्र लोण्यासारखी. 1622 साली वारले तेव्हा पित्ताशयात खडेच खडे निघाले, राग गिळून गिळून झालेले, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. मला ती गोष्ट फार घरची वाटते.

इंदोऱ्याच्या अलीकडे, मेट्रोच्या खांबाच्या सावलीत एक काका चपला शिवत बसले होते. मला लंगडताना बघून खेकसलेच.

"एवढ्या पातळ चपलेनं कोन निघते चालाले? शिकल्या-सवरल्या दिसता नं! बसा इथं."

मी बसले. "नको काका, होईल," वगैरे सुरू केलं, तर म्हणाले, "होत नाही काही. चूप बसा." चप्पल ओढून घेतली, टाचेचा पट्टा उसवला, आतून मऊ चामड्याचा तुकडा लावून पुन्हा शिवला. हात अगदी सावकाश चालत होता, तोंड अजिबात नाही. ऊन, माझी अक्कल, आजकालच्या चपला, सगळ्यांचा उद्धार झाला. मध्येच स्वतःच्या मडक्यातलं पाणी पुढे केलं. पैसे काढले तर पुन्हा ओरडले, "ठेवा ते! देवाच्या कामाले चालल्या नं?"

कुठल्या देवाच्या, ते विचारलं नाही.

कॅथेड्रल आलं, गेलं. टेकडीवर क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या अखेरच्या प्रवासाची, चौदा स्थानं झाली. सहाव्या स्थानावर वेरोनिका येशूचं तोंड पुसते तिथे माझं लक्ष नव्हतं, टाचेकडे होतं.

रात्री मावशी घरी आल्या, मिठाचं कोमट पाणी घेऊन बसल्या आणि माझा पाय घमेल्यात बुडवला. असं काही झोंबलं! बायबलमध्ये संत पौलाने कलस्सैकरांना लिहिलंय, बोलणं कृपायुक्त असावं, मिठाने रुचकर केलेलं. इतकी वर्षं मी नुसती साखर घालत आले होते.

"मावशी," तोंडातून निघूनच गेलं, "तुम्ही गीत फार वर उचलता."

त्या हसल्याच. "माहीत आहे. कोणी बोलत नाही मेलं. पुढच्या शुक्रवारी तू उचल."

उचललं. मागून मावशींचा आवाज, "अगं, हे तर पायाखाली गेलं!"